पान न तोडलेली सफरचंदे

तोडणीच्या दिवसांत दुपारी मी आणि माझे यजमान एइसाकु शिडीच्या खालच्या पायरीवर बसून एकच डागाळलेले सफरचंद आळीपाळीने चावत असू. चांगली फळे पेटीत जात, डागाळलेली आमच्या पोटात. रस मनगटावरून बाहीत उतरे. तेवढे सुख पुरे होते.

मी, फुकुशी मिसाओ, वय एकाहत्तर, राहणार जपानात हिरोसाकीबाहेर, इवाकी डोंगराच्या पायथ्याशी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मन मात्र विटले आहे.

१. बाग. आजेसासऱ्यांनी दगड वेचून ती लावली, वादळात निम्मी आडवी झाल्यावर सासऱ्यांनी पुन्हा उभी केली. यजमानांचा नियम एकच: उन्हासाठी फळ फिरवावे, पान तोडू नये, पानच फळाला भरवते. आमचा मुलगा युताका फळ लवकर लाल व्हावे म्हणून पाने ओरबाडू लागला. फळे बाहेरून लालभडक, आतून पाणचट.

"बाबा, शहरातले लोक डोळ्यांनी खातात," तो म्हणाला.

"मग त्यांना चित्रं वीक," यजमान म्हणाले, आणि शिडी उचलून निघून गेले.

त्यांच्या वर्षश्राद्धाला युताकाने देव्हाऱ्यात तसबिरीपुढे प्लास्टिकचे सफरचंद मांडले. बागेत फळे लगडलेली असताना. मी उचलून पाहिले. हलके, गुळगुळीत, आत पोकळ.

"खरं सुरकुततं, आई. हे टिकेल."

मी मागच्या दारी जाऊन ओकले. परत आले तेव्हा सून रित्सुकोने ते बाजूला सारून तिथे एक फळ चिरून ठेवले होते, पानाच्या सावलीचा हिरवा डाग असलेले. शेडमागची झाडांची ओळ ती गुपचूप यजमानांच्याच रीतीने राखते, हे मला तेव्हा कळले.

म्हणून सगळी बाग, शिड्या आणि यजमानांची छाटणीची करवत रित्सुकोला. ती युताकाच्या घरात राहो वा न राहो, बाग तिचीच.

२. माझ्या शाळेतल्या नन्सनी दिलेली जपमाळ त्यांच्यातल्याच सिस्टर आगाताला परत. शेडमागच्या ओळीतल्या सफरचंदांची एक पेटीही तिला. दात नसले तरी तिने किसून खावे.

३. राहते घर व बँकेतली शिल्लक युताकाला. कायद्याने त्याचे जे होते ते त्याला यात मिळते. बागेवर त्याने दावा सांगू नये.

४. प्लास्टिकचे सफरचंदही युताकालाच. दरवर्षी बाबांच्या श्राद्धाला त्याने ते सर्वांदेखत चावावे.

सही व शिक्का: फुकुशी मिसाओ
साक्षीदार: सोमा तोकुजी, शेजारचे बागवाले, ओयामादा किनु, टपालवाल्या
हिरोसाकी, १२ नोव्हेंबर २०१९