पिवळ्या रेषेच्या मागं

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. शहाजीआप्पा यांस,

धाकट्या कुमारचा नमस्कार. वहिनींनाही सांगा. इकडं सगळे बरे आहोत.

मंगळवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. तिप्पण्णाची जीप दुपारी मंद्रूपला निघते, त्याच्याकडं देतो. फोन मधेच तोडता येतो. पत्र मधेच फाडलं तर पुढं काय लिहिलं होतं याची रुखरुख तुम्हालाच लागेल.

तुमची वैजयंती मजेत आहे. उन्हानं काळवंडलीय, ते वहिनींना एवढ्यात सांगू नका. शिबिरात सकाळी मैदानावर ड्रोन उडवायचे आणि दुपारी वर्गात शेताचा नकाशा, फवारणीचं माप शिकायचं. वर आणखी मुलाखतीत मान वर करून कसं बोलायचं तेही. चाळीस पोरंपोरी आहेत. रविवारी सकाळी नऊला परीक्षा. त्यातल्या बाराच जणांना लायसनच्या कोर्सला घेणार.

मी तिथं रोज जातो. काम नसतं, पण कान ओढ घेतात. तुम्हाला माहीत आहे, मी सातवी नापास. मोटार रिवायंडिंगचं दुकान उभं केलं ते या दोन कानांवर. गिऱ्हाईकाला म्हणतो, मोटार आणू नका, आधी फोनवर आवाज ऐकवा. बेअरिंग गेलंय की कॉइल, तिथंच सांगतो. पहिल्याच दिवशी मैदानावर म्हणालो, "ह्याचा मागचा डावा पंखा रडतोय." शिबिराच्या मुख्य श्रावणी मॅडम, वय असेल सत्तावीस, त्यांनी उतरवून बघितलं तर स्क्रू ढिला. तेव्हापासून मला तिथं चहा मिळतो.

मंगळवारी फवारणीचा मोठा ड्रोन पहिल्यांदा उडवायचा मान वैजूला मिळाला, आणि तो पडला. वाऱ्यानं पडला, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पडला न्हवं? झालं मग. रविवारी माळशिरसचं पाव्हणं येत्यात पोरीला बघायला. शनिवारी घिऊन ये."

वारा नव्हता, आप्पा. झाडाचं पान हलत नव्हतं.

दुकानात मी नवी गुंडाळलेली मोटार हळदकुंकू लावून, फूल वाहिल्याशिवाय सुरू करत नाही. त्या दिवशी पुतणीचा पहिला मोठा ड्रोन, म्हणून मधल्या मारुतीच्या देवळाजवळून झेंडूची माळ घेऊन गेलो. ड्रोनच्या एका दांडीला बांधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पोरं तर म्हणाली, "काका, नारळ पण बांधा की, बसंल!"

उडवण्याआधी अकरा ओळींची यादी मोठ्यानं वाचायची असते. मॅडम विचारतात, उडवणारानं बघून "तपासलं" म्हणायचं. सातवी ओळ अशी: पंख्यांजवळ दोरा, गवत, कापड काही नाही ना? वैजूनं माळेकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि म्हणाली, "तपासलं."

काकांची माळ चारचौघांत काढायची कशी? हे तिला आपल्या घरानं शिकवलंय. तुम्ही आणि मीही.

ड्रोन डोक्याइतका वर गेला आणि आवाज फाटला. दुसऱ्या कुणाला कळायच्या आत मला कळलं, दोरा पंख्यात गेला. एक दांडी मोडली, टाकी फुटली, मैदानभर पाणी आणि पाकळ्या. मॅडमनी विचारलं, "सातवी ओळ कुणी तपासली?" वैजू म्हणाली, "मी. चूक माझी." परीक्षेतून तिचं नाव काढलं. मी तिथंच उभा होतो. हातात चहाचा कप. मी बोललो नाही.

बुधवारीही बोललो नाही. बसनं घरी येताना तीच मला म्हणाली, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यापेक्षा तिनं चप्पल मारली असती तर बरं झालं असतं.

काल सकाळी सगळी पोरं रांगेत असताना पुढं जाऊन सांगितलं. माळ माझी, दोष माझा, मोडलेली दांडी मी जोडून देतो, पण पोरीचं नाव परत घाला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, माळ तुमची होती. तपासलं म्हणणारी ती होती." मग वैजूला म्हणाल्या, "दुपारी छोट्या ड्रोनवर पुन्हा यादी वाच. बघू."

दुपारी मी मैदानाच्या कडेला, बघ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या रेषेच्या पावलभर आत उभा होतो. वैजू वाचत होती. पाचव्या ओळीला थांबली. "मैदानात कुणी नाही ना?" आणि माझ्याकडं बघितलं, अगदी मंगळवारसारखंच. मी मुद्दाम हललो नाही.

पण या वेळी ती म्हणाली, "काका, मागं व्हा. रेषेच्या मागं. तुम्ही मागं गेल्याशिवाय मी उडवणार नाही."

आप्पा, आपल्या घरातल्या कुठल्याही बाईनं आजवर मला मागं हो म्हटलेलं नाही. मी मागं झालो. मॅडमनी वहीत तिचं नाव परत लिहिलं.

म्हणून आता नीट ऐका. शनिवारी मी तिला आणणार नाही. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "परीक्षा द्यायचीय. लग्नाचं नंतर बघू, पण आप्पांना सांगायची भीती वाटती." म्हटलं, ते माझ्याकडं लागलं. माळशिरसला मीच फोन केला. मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी इमान चालवती व्हय?" म्हटलं, "विमान नाही, पण तुमच्या उसावर औषध मारून देईल." कळवतो म्हणाले. नाही कळवलं तरी आपली पोरगी कुठं पळून जात नाही.

तुम्ही चिडाल. चिडा. पण एवढं मनाशी धरा. माझी माळ बघून जी पोरगी खोटंच "तपासलं" म्हणाली, ती तुमचा चेहरा बघून पाहुण्यांपुढं "पसंत आहे" म्हणाली असती. तुम्ही खूश झाला असता, मीही जेवून उठलो असतो. ते कुठं जाऊन पडलं असतं, हे मात्र माझ्या कानांनासुद्धा ऐकू आलं नसतं.

तिला न्यायला गाडी घेऊन आलात तर दारात मी बसलेला असेन. मोठ्या भावाला अडवायची मला सवय नाही, पण या वयातही शिकतो आहे. परीक्षा बघायला आलात, तर माझ्या शेजारी उभे राहा.

तुमचा शब्द आजवर न मोडलेला, आणि आज तो बघून, तपासून मोडणारा,

कुमार