साहेब गेल्यावर शिपाई

१२ मार्च, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझी चारही पत्रं पोचली. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. लेकीचा दात पडला हे वाचून हसले. तिला सांग, मावशीचेही पडायला लागलेत, फक्त जागी नवे येत नाहीत.

उत्तराला उशीर झाला, मान्य. पण चारही पत्रांत तू तेच विचारतेस. आई नक्की किती वाजता गेली, अंगावर काय होतं, डोळे मिटलेले होते का, शेवटी काही बोलली का. अगं, सहा महिने होऊन गेले. मी सांगितलंय ना, अकराच्या सुमारास गेली, फोन बिघडलेला होता, सगळं फार घाईत झालं. पुन्हा पुन्हा तेच उकरून हाती काय लागणार? असो.

आमच्याकडच्या बातम्या देते. आई गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून मी निवाऱ्यात पूर्ण दिवस जायला लागले, हे तुला माहीत आहेच. वीटभट्ट्यांवर आणि मालाच्या गाड्यांना राबलेली गाढवं इथे म्हातारपण काढायला येतात. सध्या एकतीस आहेत. आई आपल्याला उठताबसता गाढवच म्हणायची, तेव्हा आपण दोघी धरून तेहतीस.

त्यात एक जोडी होती, साहेब आणि शिपाई. अकरा वर्षं एकाच गाडीला जुंपलेले. साहेब उंच, करडा, भलताच तोऱ्याचा. हौदावर पहिलं पाणी त्याचं, गव्हाणीत पहिला घास त्याचा. शिपाई बुटका, एक कान फाटका, सदा दोन पावलं मागे. पुढे गेलाच तर साहेब मानेला चावा घ्यायचा. एकदा साहेबाला खोकला झाला, तर आठवड्यात शिपाईही खोकायला लागला.

मला त्याची दया आली. एक दिवस त्याला वेगळ्या गोठ्यात नेऊन भरलेली बादली पुढे ठेवली. पठ्ठ्याने तोंड लावलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभा. निवाऱ्याच्या डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही फक्त तोटा बघताय. एकटं गाढव उभ्याउभ्या डुलक्या घेतं, आडवं व्हायची त्याची छाती होत नाही. जोडीदार पहाऱ्याला असला की मगच ते पाय पसरून झोपतं. त्या झोपेसाठी हा चावे खातो."

मग मी त्यांच्या भानगडीत पडले नाही.

परवा साहेब गेला. सकाळी पोटात कळ येऊन आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टरबाई रजेवर होत्या. शिपाईला खूर कापायला पलीकडच्या आवारात नेलं होतं. मेलेली जनावरं नेणारी गाडी दारात उभीच होती, मी साहेबाला चढवून दिलं. म्हटलं, बिचाऱ्याला बघावं लागायला नको. तासाभराने शिपाई परत आला आणि तेव्हापासून फाटकाशी उभा आहे.

बाकी ठीक. उद्या पत्र टाकते.

१४ मार्च

टाकलं नाही. तसंच पर्समध्ये राहिलं.

शिपाई काही खात नाही. आधी फाटकाशी जातो, मग हौद, मग गव्हाण, मग साहेब पडला होता ती जागा. तिथली जमीन हुंगतो आणि पुन्हा फाटकाशी. दिवसभर याच चार जागा. मध्येच मान वर करून असा ओरडतो की पहारेकरीकाका कानांत बोटं घालून बसतात. मी गूळ दिला, गाजरं दिली, दामटून बघितलं, रागावले. काल तर मी त्याच्यावर ओरडले, "अरे, नाहीये तो! किती वेळा सांगू?" मग माझीच मला लाज वाटली. एवढं मी माणसांनाही बोलत नाही. तुला बोलते, ते वेगळं.

डॉक्टरबाई रजेवरून परतल्या. शिपाईचं रक्त तपासलं. गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, मग यकृत जातं, आणि ते फार झपाट्याने होतं. मग त्यांनी मला विचारलं, "साहेबाला याने पाहिलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"ताई, नियम माहीत होता ना तुम्हाला? जोडीतलं एक गेलं की दुसऱ्याला तिथे आणायचं. त्याला हुंगू द्यायचं, ढोसू द्यायचं. ते आपणहून बाजूला झालं की मगच उचलायचं."

"माहीत होता."

"मग?"

"घाई झाली," मी म्हटलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तो दुःख करत नाहीये, शोधतोय. पाहिलं असतं तर दुःख केलं असतं, आणि मग जेवला असता."

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. घाई झाली. हेच दोन शब्द मी तुला सहा महिन्यांपूर्वी फोनवर म्हटले होते, याच सुरात. आज पुढे लिहवत नाही.

१७ मार्च

शिपाई आज सकाळी गेला. तीन दिवस सलाईन लावली. शेजारी दुसरं शांत गाढव आणून बांधलं, पण त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटपर्यंत फाटकाकडेच तोंड होतं. डॉक्टरबाई मला एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे पत्र आता फाडलं तर पुन्हा माझ्याने लिहून होणार नाही. म्हणून तू विचारलंस ते सगळं लिहिते. तुला आता दाखवायला माझ्याजवळ एवढंच आहे.

आई अकराला गेली नाही. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. फोन बिघडलेला नव्हता, माझ्या हातातच होता. तू चार तासांवर होतीस. तेव्हाच कळवलं असतं तर साडेदहापर्यंत पोचली असतीस. मी तुला दोन वाजता फोन केला, सगळं उरकून घरी आल्यावर. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बारकीला कळवलंस ना?" मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, "कळवलं, पण तिला जमणार नाही."

घाई झाली नव्हती, बारके. मी घाई केली.

अंगावर तिचा निळा स्वेटर होता, तू पाठवलेला, हाताशी उसवलेला. डोळे अर्धे उघडे होते, ते मी मिटले. केस आदल्या दिवशीच धुतले होते. चेहरा शांत होता. हे मी तुझ्या समाधानासाठी सांगत नाही, होताच.

आणि काय बोलली ते.

तुला ठाऊक आहे, तीन वर्षं मी तिचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. आणि तिन्ही वर्षं तिचा रोजचा प्रश्न एकच, बारकी आली का? तू यायचीस, दोन दिवस हसवून जायचीस, आणि पुढचे पंधरा दिवस ती दाराकडे डोळे लावून बसायची. ते निस्तरायची मी. म्हणूनच मी तुला सारखं येऊ नकोस म्हणायचे. तू मनाला लावून घेतलंस आणि खरंच यायची थांबलीस.

त्या दिवशी उजाडताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बारके, आलीस?"

मी म्हटलं, "हो आई, आले."

"ताई कुठाय?"

"झोपलीय."

"झोपू दे. उठवू नको तिला. फार दमते गं ती, बोलत नाही." मग म्हणाली, "माझ्यामागे तिला कोण आहे? तू बघशील ना तिच्याकडे?"

मी म्हटलं, "बघेन."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

मला राग आला, बारके. तीन वर्षांत एकदाही तिने मला विचारलं नव्हतं, दमलीस का म्हणून. तिला दिसत होतं सगळं, आणि सांगितलं ते तुला. मी हातात फोन घेऊन बसले आणि ठरवलं, बारकीला कळवायचं नाही. तिला आणखी काही मिळू द्यायचं नाही. असा हिशेब मी केला, आई जेमतेम थंड पडत होती तेव्हा.

तेव्हा तू तिथे होतीस, असंच आई समजून गेली. तू आली नाहीस याचं दुःख तिला झालं नाही, तेवढं तरी मनातून काढून टाक. माझ्यावर चिडायचं तेवढं चीड. पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

पण "बघेन" हे मी तुझ्या नावाने बोलून बसले आहे. आईचा तो निरोप तुझ्यासाठी होता आणि सहा महिने मी तो दाबून ठेवला. आज पोचवला. पाळायचा की नाही ते तू ठरव.

तुझ्यावर सोपवलेली,
ताई