आवाज जाण्याआधीचा निबंध

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

पेटी काढावी लागेल म्हणाले. घशातली, आवाजाची. गाठ आत आहे आणि वाईट आहे. डॉक्टर तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. पुढे एखादं यंत्र बसवता येतं, थोडं बोलता येतं — "पण तो आवाज तुमचा नसेल." महिना संपायच्या आत या, उशीर करू नका, असंही म्हणाले.

सगळे आधी तेच विचारतात, तंबाखूचा खर्रा खात होते का? कधी खाल्ला नाही. बिडीही नाही. ओरडलो मात्र जन्मभर. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगापुढे उभं राहून हर्रास बोलायचा, भाव पुकारायचा, हेच माझं काम. अडत्या आनंदराव म्हणतात, मनोहररावाचा गळा म्हणजे माझ्या दुकानाची पाटी.

घरी आलो. बायकोला, शामलाला, सांगितलं; तिनं उठून कुकर लावला. कामिनी जरा वेळानं जवळ येऊन बसली. "बाबा, मग तुम्हाले सगळं लिहूनच सांगा लागन. आतापासून सवय लावा ना." फोनवर शोधून तिनं एका निबंध कार्यशाळेत माझं नाव घातलं. ऑनलाइन आहे. दर रविवारी वर्ग, आणि रोज एक पान लिहून त्याचा फोटो गटावर टाकायचा.

मॅट्रिकनंतर मी धड काही लिहिलेलं नाही. गावच्या शाळेत गुरुजी निबंध फळ्यावर लिहून द्यायचे, आम्ही पाठ करायचो. म्हणून ही वही. गटावरचं लिखाण सुट्या कागदावर, इथं हात चालवायचा. हे कोणाला दाखवायचं नाही.

८ नोव्हेंबर

बसलो. एक ओळही नाही. हात गळ्याकडेच जातो.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिला वर्ग. प्रेमलता मॅडम शिकवतात, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, हसऱ्या. फोनच्या पडद्यावर छोटे छोटे चौकोन आणि प्रत्येकात एक माणूस. लिहायला का आलात, हे प्रत्येकानं सांगायचं होतं. एका बाईंना वेळ जात नाही. एका मुलाला मोबाइल सोडायचा आहे — तोही मोबाइलवरच! माझी पाळी आली. "लिहायची सवय लागावी म्हणून," एवढंच म्हणालो. खोटं नाही.

मॅडम म्हणाल्या, "सर्दी झालेली दिसते."

मी हो म्हणालो.

१२ नोव्हेंबर

हर्रासावर पान लिहून पाठवलं. मॅडम गुण देत नाहीत. आवडलेल्या एका वाक्याखाली हिरवी रेघ ओढून कागद परत पाठवतात. माझी रेघ या वाक्याखाली आली: 'हर्रास सुरू झाला की शेतकरी आपल्या मालाकडे पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहतो.'

आनंद झाला. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं. पुढच्या महिन्यात तो कोणाच्या तोंडाकडे पाहील?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काकड्याची समाप्ती. कार्तिकात महिनाभर पहाटे देवळात काकडा असतो आणि पहिलं पद मी उचलतो. आज दुसऱ्या कडव्यातच आवाज गेला. बसला नाही, गेलाच. तोंड उघडं आणि आत नुसती हवा. गोविंदा बुवांनी पुढची ओळ उचलली, टाळ चालूच राहिले. कोणी वळून पाहिलं नाही.

मी भ्यालो ते आवाज गेल्यानं नाही. माझ्यावाचून काही अडलं नाही, त्यानं भ्यालो.

नाम मनात घेतलं तरी पोचतं, असं मी लोकांना सांगत आलो आहे. मोठ्यानं घेता येत होतं तोवर सांगायला काय लागतं? आज घरी येऊन मनातल्या मनात घेऊन पाहिलं. मध्येच भलते विचार शिरतात. मोठ्यानं म्हणताना निदान आपला आवाज त्यांना बाहेर ठेवत होता.

दुपारपर्यंत आवाज थोडा परत आला. फाटका.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज प्रत्येकानं आपलं पान वाचून दाखवायचं होतं. माझं नाव आलं. चॅटमध्ये टाइप केलं — माइक खराब आहे. मग सगळेच मदतीला धावले. काका, सेटिंगमध्ये जा. काका, एकदा बाहेर पडून परत या. काका, खालचं लाल चिन्ह दाबा. मी पडद्यावर मान हलवत बसलो, दाबल्यासारखं करत. शेवटी मॅडमनीच माझं पान वाचलं. चांगलं वाचलं. माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून निघालं आणि मी समोर गप्प बसून ऐकत होतो. पुढे असंच असेल तर.

फोन बंद करून देवाजवळ जाऊन बसलो.

१८ नोव्हेंबर

हॉस्पिटलमधून फोन आला. गुरुवारी भरती व्हा, खाट रिकामी होते आहे. शामला वरती वाळवण काढत होती. मी म्हणालो, घरात लग्न आहे, डिसेंबर सरू द्या. पलीकडची मुलगी म्हणाली, काका, डॉक्टरांनी थांबू नका असं लिहिलं आहे. मी फोन ठेवला.

शामलाला सांगितलं, अजून तारीख आली नाही.

मी स्वतःशी म्हणतो, कार्यशाळा तर पुरी होऊ दे. हाताला वळण लागू दे. उद्या बोलता आलं नाही आणि लिहिताही आलं नाही तर? कारण चांगलं आहे. चांगलं आहे म्हणूनच त्याची भीती वाटते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानामुळे बाजार बंद. प्रचाराचे भोंगे थांबल्यानं शहर कधी नव्हे ते शांत. मत देऊन मौद्याकडे, गावी गेलो. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला काही सांगितलेलं नाही.

"काहून गा, घसा बसला का? तुले किती डाव म्हटलं, हळद टाकून दूध पेत जाय."

तिला ऐकू कमी येतं. मी नेहमी मोठ्यानं बोलतो, आज जमेना. दोन-तीनदा "आं?" म्हणाली आणि मग नुसतीच हसली. शेंगा पुढे सरकवल्या. मीही सोलत बसलो.

परतीच्या बसमध्ये एकदम ध्यानात आलं. आईला अक्षर येत नाही. अंगठा लावते. मी हे सगळं शिकतो आहे, रोज पान लिहितो आहे, हिरव्या रेघा मिळवतो आहे — त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत जाणार नाही. इतके दिवस हे सुचलं कसं नाही? खिडकीची दांडी धरून बसलो. उतरेपर्यंत हात सोडवला नाही.

२१ नोव्हेंबर

आज गुरुवार. खाट दुसऱ्या कोणाला दिली असेल.

२४ नोव्हेंबर, रविवार

मॅडमनी माझी सगळ्यांसमोर स्तुती केली. पुढची कार्यशाळा डिसेंबरात आहे, ती लांबलचक आहे. विचार करायच्या आत मी नाव दिलं. जीवात जीव आला. मग कळलं, तो का आला ते.

फोन बंद केला तर दारात शामला.

"हॉस्पिटलचा फोन आज माह्या फोनवर आला. घरचं लग्न कधी आहे, विचारे ते पोरगी. कोणाचं लग्न जी? मले त कोणी पत्रिका देली नाही."

मी फोन उलटा ठेवला.

"निबंध लिहा, मी काहून नाही म्हणू? पण तुम्ही लिहून नाही राहिले. तुम्ही त्या फोनच्या मांगं लपून राहिले." तिचा आवाज चढला नाही. "लपा. मी कोठी लपू ते सांगा."

ती आत गेली. मी वही काढून तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आईचा फोन. शेजारच्या रंभाबाईनं लावून दिला. शामलानं तिला सगळं सांगितलं होतं. रडेल, नवस बोलेल, असं वाटलं होतं. ती चिडली होती.

"माह्यापासून काहून लपवलं? मी काय मरून राहिली होती?"

म्हणालो, आई, मग मला तुझ्याशी बोलता येणार नाही. आणि लिहिलेलं तुला वाचता येत नाही.

पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिला ऐकू गेलं. मग म्हणाली, "तुह्या बापाले चांगला गळा होता, पण तो गावाले ऐकवाले. माह्याशी कधी धड बोलला का? तरी निभावलंच ना म्या! काप म्हणा डॉक्टरले. मुका ये, पण ये."

पलीकडे रंभाबाई हसली. मलाही हसू आलं, मग खोकला.

संध्याकाळी मीच हॉस्पिटलला फोन केला. सोमवारची तारीख दिली. इतके दिवस गेले त्यानं किती बिघडलं, ते उघडल्यावरच कळेल म्हणाले.

३० नोव्हेंबर

मॅडमना निरोप पाठवला. पुढच्या कार्यशाळेतून नाव काढा. माइक नीट आहे, घसा खराब आहे. सोमवारी ऑपरेशन. त्यांनी एक हिरवी रेघ पाठवली. वर वाक्य नाही, नुसती रेघ. किती वेळ पाहत होतो.

२ डिसेंबर, सोमवार

न्यायला येत आहेत. हरीचं नाम मोठ्यानं घेतलं, वॉर्डात लोक असताना. शामलाचं नावही घेतलं. ती म्हणाली, काय? मी म्हणालो, काही नाही. फार भीती वाटते आहे.

४ डिसेंबर, बुधवार

शामला, इकडे पाह्य. हे तुह्यासाठी लिहून राहिलो.

पाणी मागत नाही, सिस्टर नाही म्हणते. दुखते, पण सोसते. आईले फोन लाव. मी लिहीत जातो, तू तिले वाचून सांगत जाय.

मांगची पानं पाहू नको.

बरं. पाह्य.