बोटीत तिघेच

३ मार्च, सोमवार

काय करून बसले मी!

बाबांचा गेममधला सेव्ह गेला. गेला म्हणजे काय, मीच त्यावर माझा करून ठेवला. त्या जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्हला जागा एकच. ‘जुना पुसायचा का?’ असं विचारलंसुद्धा त्याने. मी ‘हो’ दाबलं. कुणी हात धरून दाबायला लावलं नव्हतं.

शनिवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस टीव्ही बंद. मला वाटलं, गेममध्ये वर्षभर एकाच बंदरावर अडकून पडलेत बिचारे. आपण पुढे नेऊन ठेवू, डोळा उघडला की खूश होतील. मला शहाणपण सुचलं की घरात काहीतरी फुटतंच! तलवारवाला, जादूगार, चोर आणि वैदीण, चौघांना घेऊन बोटीपाशी गेले आणि बटण दाबत सुटले. बोट निघाली. वैदीण काठावरच, दिव्यापाशी उभी. ‘तुम्ही व्हा पुढे, दिवा मी बघते.’ मला वाटलं, येईल मागून. पुढच्या बेटावर सेव्ह केलं, मग सोबत्यांची यादी उघडली. तिघेच होते.

वैदिणीला बाबांनी आईचं नाव दिलं होतं. कागदोपत्री होतं ते नव्हे. फक्त बाबा हाक मारायचे ते.

४ मार्च

टीव्हीखालच्या खणात बाबांचे आलेख कागद सापडले. या माणसाने नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर गेममधल्या गुहा मोजल्या. एकेक गुहा पेन्सिलने, प्रमाणात, उत्तर दिशेच्या बाणासकट. बंदराच्या कागदावर कोपऱ्यात लिहिलंय — ‘नावाडी म्हणतो, बोटीत तिघेच. बरं करणारीने दिव्यापाशी थांबायचं. पुन्हा भेट नाही. जायचं नाही.’

‘जायचं नाही’खाली दोन रेघा.

म्हणजे अडकले नव्हते, थांबले होते! बाबा गेममधल्या प्रत्येक गावकऱ्याशी बोलतात. मी एकाशीही बोलले नाही. नावाड्याचं वाक्य अर्धं दिसलं असेल, तेवढ्यात मी बटण दाबलं.

तीनशे बारा तास होते त्या सेव्हवर.

५ मार्च

ठरलं. पहिल्यापासून खेळायचं, बंदरापर्यंत आणून ठेवायचं. सोमवारी पट्टी निघणार, तोवर.

दातांच्या लॅबमध्ये, कामावर, ताप आहे असं कळवलं. मालक म्हणाले, “कवळ्या कुठे पळून जात नाहीत, तब्येत सांभाळा.” माणूस चांगला वागला की खोटं जास्त जड जातं.

आवाज बंद करून खेळते. पण बटणांचं काय? दुपारी थेंब घालायला गेले तर बाबा म्हणाले, “बाहेर टकटक कसली गं?”

“लॅबचं काम आणलंय घरी. कवळी घासतेय.”

“घास, घास. कुणीतरी जेवायचं थांबलं असेल.”

पट्टी जरा उचलून थेंब घालताना मला त्यांच्या डोळ्यात बघवेना.

६ मार्च

खरं लिहायचं तर — मजा येतेय! शिक्षा भोगायला बसले आणि मजा येतेय, याची आणखी लाज.

शाळेत असताना हाच गेम मी किती कंटाळून सोडला होता. आता बाबांचे कागद मांडीवर घेऊन त्यांच्या वाटेने चालले तर वेगळाच निघाला. लढाईतही घाई नाही. आपली पाळी, मग राक्षसाची पाळी. आपण ठरवेपर्यंत तो बापडा जागच्या जागी डोलत उभा. एवढी सबुरी आमच्या घरात फक्त बाबांकडे. सुरुवातीला उंदीरसुद्धा लोळवतात, चार लेव्हल चढून परत त्याच कुरणात गेलं की तेच उंदीर एका फटक्यात गार! चुकीच्या वळणावर हमखास पेटी असते. रस्ता चुकल्याचं बक्षीस मिळतं, असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

आणि गावकरी! कोंबडी हरवलेली आजी तेच तेच बोलते म्हणून मी तिला टाळत असे. बाबांच्या कागदावर आहे — ‘पूल दुरुस्त झाल्यावर आजीचं बोलणं बदलतं. जाऊन ये.’ गेले. खरंच बदललं होतं. सराय लागली की चौघे चार खाटांवर झोपतात, उठतात ते ठणठणीत. प्रत्येक सरायपुढे बाबांनी लिहिलंय, ‘ती दमली. मुक्काम.’ दमली नसतानाही मुक्काम करायचे असं दिसतं.

७ मार्च

वैदीण लेव्हल नऊ. बाबांची एकेचाळीस होती.

८ मार्च

आज फारसं खेळले नाही. तिला लढाईत पुढे करवेना.

हे कधीतरी लिहायला हवंच. दोन वर्षं झाली. आई दवाखान्यात होती, बाबा तीन दिवस खुर्चीतून हलले नव्हते. मीच म्हटलं, घरी जा, आंघोळ करा, जरा पाठ टेका, मी आहे ना. ते नको नको म्हणत होते. मी चपला पुढे केल्या, गाडीत बसवून दिलं. भर दुपार होती. अर्ध्या तासाने आईने विचारलं, “ते आले का?” म्हटलं, येतील इतक्यात. थोड्या वेळाने पुन्हा, “आले का गं?” मग काही विचारलं नाही. बाबा आले तेव्हा उशीर झाला होता.

तिने विचारलं होतं हे बाबांना मी सांगितलेलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, मी विषय काढला नाही. ते खचतील म्हणून? की मला तोंड दाखवता येणार नाही म्हणून? दोन्ही. तेव्हाही मीच परस्पर ठरवलं, आताही मीच. मदत करायची म्हणून!

९ मार्च

बंदरावर पोचले. वैदीण चोवीस. तास एकोणचाळीस. तो आकडा पडद्यावर कोपऱ्यात असतो, बारीक. तो कसा बदलायचा?

डॉक्टरांचा फोन आला होता. “काळजी करू नका, नजर अगदी स्वच्छ येणार.” मी मनात म्हटलं, इतकी नको. स्वतःच्या बापाच्या डोळ्यांबद्दल हे म्हटलं मी.

१० मार्च, सोमवार

पट्टी निघाली. घरी येताना बाबा सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होते, अगदी टायरवाल्याचीसुद्धा. मी हसत होते.

चहा झाल्यावर गेम लावला. मी दारात उभी. त्यांनी यादी उघडली, वैदिणीची लेव्हल बघितली, कोपऱ्यातले तास बघितले. मग वैदिणीला घेऊन सरायमध्ये गेले, मुक्काम केला, आणि टीव्ही बंद केला.

“स्वच्छ दिसतंय हो,” एवढंच म्हणाले.

“बाबा, मी —” म्हटलं. ते हात धुवायला उठले.

११ मार्च

थेंब घातले चार वेळा.

१२ मार्च

सकाळच्या थेंबांना बाबा डोळे मिटून म्हणाले, “तू गेली होतीस ना पलीकडे? निघताना ती काय म्हणाली?”

रडत रडत सगळं सांगितलं. पुसलेला सेव्ह, ताप, कवळी. आणि ‘तुम्ही व्हा पुढे, दिवा मी बघते.’

“तिचं नाही विचारत गं.”

मग आईचं सांगितलं. दोनदा विचारलं, तेही.

“दोनदा?”

“दोनदा.”

बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, “मला आपलं वाटायचं, तिने माझी चौकशीच केली नसेल.”