लीक गाडीत, गाडी कुलपात

ति. कथबर्ट दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे अँब्रोजचा, वाकून नमस्कार. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तुम्ही नर्सबाईंशी भांडायलाही लागलात असं एनिडताई म्हणाली, म्हणजे तब्येत सुधारतेय. तुमच्या बागेतल्या लीक भाजीची जोडीही खुशाल आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुम्ही उठून बसाल आणि डॉक्टरांनी कुशीवर वळायलाही मनाई केलीय.

खाण कामगारांच्या क्लबातल्या भाजी-प्रदर्शनाच्या सकाळी ताईने जोडीला न्हाऊमाखू घालून ओल्या टॉवेलात गुंडाळलं. (माझ्या मते ती फुगलेली कांद्याची पात, पण तुमच्यासमोर असं बोलायची माझी काय बिशाद!) शेजाऱ्याच्या व्हॅनमधून न्यायचं ठरलं होतं. पण दरवर्षी सेप्टिमस रेनच्या मागे दुसऱ्या नंबरावर राहणारी तुमची लीक यंदा जिंकणार, तर जावीतही ऐटीत, म्हणून मी जोडीला माझ्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये पट्टा बांधून बसवलं.

चोर आला तर गाडी जागीच बंद पाडणारा तिचा इमोबिलायझर मला ओळखतो तो लहर लागली तरच. क्लबपाशी उतरून मी दार लावलं आणि त्याने आपणहून दारं, चाकं, सगळं बंद करून टाकलं. दाराला बाहेरून मूठच नाही (त्या काळी ती फॅशन होती), उघडायचं ते किल्लीच्या बटणाने. दाबलं, ढिम्म. मग हनुवटीखाली धरून, तोंड उघडं ठेवून दाबलं. (डोक्यामुळे सिग्नल लांब जातो म्हणतात. माझ्या डोक्यात काही नसल्यामुळे असेल, गेला नाही.) चॅपलमध्ये फुलं लावायला निघालेल्या बायकांना मला झटका आल्यासारखं वाटलं. त्यांनी चहा आणून दिला.

दहाला नोंदणी बंद होणार होती. तेवढ्यात सेप्टिमस बाहेर आला. त्याची जोडी आत टेबलावर ऐसपैस मांडलेली. तो नुसता गप्प राहिला असता तरी जिंकला असता. पण त्याने काचेतून तुमची जोडी बराच वेळ न्याहाळली आणि मला म्हणाला, "अरे शहाण्या, आत बिंगोच्या खेळाचे आकडे पुकारायचा बिनतारी माइक चालू आहे. त्याच्यापुढे तुझ्या बटणाचं काय चालणार?" मी आत गेलो. बिंगो मध्येच थांबवायची विनंती केल्यावर खेळणाऱ्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माफी मागून, दार हळूच लावून बाहेर आलो.

मग सेप्टिमसने हाक दिली. खाणीतल्या सगळ्या निवृत्त मंडळींनी आपापले चहाचे मग कठड्यावर ठेवले, गाडी उचलली आणि माइकच्या टप्प्याबाहेर, चॅपलच्या पलीकडे नेली. आत तुमची जोडी वरातीतल्या नवरीसारखी माना डोलावत होती. तिथे बटण दाबताच दार खट्कन उघडलं.

मी सेप्टिमसला विचारलं, हे का केलंस? माझ्याकडे न बघता म्हणाला, "कथबर्ट टेबलावर नसताना जिंकलो, तर हरवलं कुणाला?"

दाजी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लीकच्या उग्र वासावर ढकललं. परीक्षकांनी फीत लावून मापं घेतली आणि पहिला नंबर तुमचा आला. सगळ्यांत आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या.

तुमचा,
अँब्रोज

ता.क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे लक्षात आलं असेलच. सेप्टिमसने ते नर्सबाईंच्या हाती आत पाठवलं असेल. तो स्वतः वॉर्डाबाहेर बाकावर बसला असेल आणि तुम्ही बोलावल्याशिवाय आत येणार नाही म्हणतो.

पुन्हा ता.क. गाडी उचलायच्या आधी, घाबरून, मी तुमच्या वतीने त्याला शब्द देऊन बसलो, की दाजी तुला त्यांच्या खताचं गुपित सांगतील. त्याने मागितलं नव्हतं, पण आता विसरायलाही तयार नाही. तेव्हा सांगून टाका. पुढल्या वर्षी बहुतेक तो तुम्हाला हरवेल, पण तुम्ही समोर असताना. आणि जरा लवकर बोलवा, तुमच्यासाठी आणलेली द्राक्षं तो बाहेर बसून एकटाच संपवत असेल.