तीन नंबरचं दार

१ मार्च, रविवार

तेलाचा टँकर पिठाच्या दाराशी लावला! आणि वर मीच खूश — एकही डबा रुळावरून घसरला नाही म्हणून. बाबा खुर्चीतून म्हणाले, "सूनबाई, आज बिस्किटं तळायची आहेत का?"

(या वहीत बाबा म्हणजे सासरे. माझे वडील आले तर त्यांना अप्पा म्हणेन.)

मागच्या खोलीत आठ फुटांची फळी, तिच्यावर बिस्किटांचा कारखाना. पुठ्ठ्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, चार दारं, तीन रूळ, एक ठेंगणं हिरवं इंजिन. मालडबे आगपेटीपेक्षा थोडे मोठे. खरा कारखाना पाडला त्याला अकरा वर्षं झाली. बाबांनी तो निवृत्त झाल्यावर आठवणीतून पुन्हा उभा केला. आता त्यांची नजर मधोमध पुसली गेली आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डब्यांवरचे आकडे वाचता येत नाहीत. म्हणून गेला दीड महिना हात माझे, डोकं त्यांचं.

४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. वर्षअखेरीपर्यंत कडाही जातील. औषध नाही.

रिक्षा घराजवळ आल्यावर बाबा — "तुमच्या मॉडेल-रेल्वे क्लबचं प्रदर्शन कधी आहे म्हणालीस?"

अठरा-एकोणीस एप्रिल.

"एक पूर्ण पाळी. कारखान्यात व्हायची तशी. एकही चूक न होता. एकदा बरोबर झालेलं बघायचंय."

करू की, म्हणाले मी. पटकन बोलून गेले. आता मागे फिरणं नाही!

८ मार्च, रविवार

आज त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

एक नंबरला पीठ — नळी लावून ओढतात, म्हणून डबा नळीखालीच उभा राहायला हवा. दोनला तेल. तीनला साखर, पोत्यांनी. चारला तयार बिस्किटांचे खोके भरतात. तिथे लागणारा रिकामा डबा आधी उघडून हुंगायचा! मागच्या फेरीला त्यात साबण गेला असेल तर तो तसाच परत. "साबणाच्या वासाचं बिस्किट एकाने जरी खाल्लं ना, तर अख्खं गाव नाव ठेवतं."

प्रत्येक डब्याचं एक कार्ड. कुठून आला, काय भरलंय, कुठल्या दाराला जायचंय. कार्ड न वाचता हात लावायचा नाही.

खरी मेख पुढे आहे. साखरेचा डबा तीनला अर्धा उतरवून झालाय, आणि त्याच्या पलीकडचा चार नंबरचा भरलेला डबा बाहेर काढायचाय. मग तीनचा आधी बाजूला घ्या, चारचा काढा, तीनचा पुन्हा त्याच दाराशी नेऊन ठेवा. तसाच. दारासमोर दार. बोटभर चुकलं तर फलाटावरून डब्यात टाकलेली फळी बसत नाही, आणि फळी बसली नाही तर माणूस आत जाऊ शकत नाही.

"आणि हलवायच्या आधी विचारायचं," बाबा म्हणाले. "दरवेळी. आत माणूस असतो."

मी म्हटलं, पुठ्ठ्याच्या कारखान्यात कुठला माणूस?

त्यांना ते आवडलं नाही. पुढचा अर्धा तास हूं आणि हां.

११ मार्च

चार चुका. रूळ वाकडा आहे म्हणून कुरकुरले. बाबा — "अंगणही वाकडंच असेल!"

१५ मार्च, रविवार

क्लबची बैठक. सगळ्यांची मोठमोठी मॉडेलं. डोंगर, बोगदे, गोल गोल धावणाऱ्या एक्सप्रेस गाड्या. मी एकटी बाई, आणि माझं काय, तर बिस्किटांचा कारखाना.

सेक्रेटरी साखर पेरून बोलतात. "ताई, लोकांना पळणारी गाडी लागते हो. तुमचं म्हणजे… डबा पुढे, डबा मागे. उभ्या उभ्या पाय दुखतील लोकांचे."

"कारखाना तसाच चालतो," मी म्हटलं. "पाय कामगारांचेही दुखायचे."

कुणीतरी हसलं. शेवटी रविवारची चाळीस मिनिटं पदरात पडली. वर पाटीसाठी बाबांची माहिती मागितली. मी दिली — 'बिस्किट कारखान्यात एकतीस वर्षं शंटिंग मास्तर', म्हणजे इंजिनाने डबे हलवून दाराला लावणारे. ते वाचून सेक्रेटरींचा चेहराच बदलला. अस्सं! मग ठीक आहे, मग ठीक आहे.

येताना ताठ मानेने आले.

२१ मार्च

दवाखान्यात दिवसभर दातांच्या तारखा देत बसले. एका पेशंटला म्हणाले, "तुमचं दार नंबर काय?" दाढ म्हणायचं होतं!

२६ मार्च

हे कसं लिहू.

बाबांचे एक जुने सोबती आले होते. कारखान्यात पिठाच्या चाळणीवर होते, अजूनही सगळे चाळणीकाकाच म्हणतात. फळी बघून हरखले. प्रत्येक दाराला बोट लावून बघत होते. मी कौतुकाने पाटीचा कागद दाखवला — क्लबवाल्यांनी छापून पाठवलाय, 'शंटिंग मास्तर यांच्या मार्गदर्शनाखाली'.

चाळणीकाका मोठ्याने हसले. "मास्तर? हा? अहो, हा तर तीन नंबरला पोती उतरवायचा! इंजिनावर पाय ठेवला असता तर ड्रायव्हरने खाली ढकलला असता याला!"

हसता हसता माझ्याकडे बघितलं आणि थांबले. चहा अर्धा टाकून गेले.

बाबा कपाच्या कानाशी बोट फिरवत बसून राहिले. मी चाळणीकाकांचा कप उचलला.

२७ मार्च

त्यांनीच बोलावलं. मागच्या खोलीत. दिवा लावू दिला नाही — तसाही त्यांना काय उपयोग!

"एकतीस वर्षं साखर उतरवली. इंजिन बघितलं ते दारातून. पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा विचारलं, बाबा तुम्ही काय करता? नुकतं खांद्यावरचं पोतं टाकून आलो होतो. तोंडातून निघून गेलं, इंजिनं हलवतो. त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मग कसं फिरवायचं?"

"आईंना माहीत होतं?"

"तिला सगळं माहीत होतं. म्हणायची, मोठा झाला की सांगा. तो मोठा झाला. मग मला धीर झाला नाही."

मला राग आला होता, खोटं कशाला लिहू. मी क्लबात ताठ मानेने फिरले होते. सेक्रेटरींना काय सांगू, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. पण मग विचार केला — शंटिंग मास्तरला बाहेरून डबा दिसतो. चारही दारांत काय चाललंय, फळी कधी सरकते, डबा न विचारता हलला की आत काय होतं, हे त्याला कुठून कळणार? मला जे शिकवलं ते सगळं आतल्या माणसाने शिकवलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

नवरा दाराबाहेर उभा होता. किती ऐकलं माहीत नाही. सगळंच ऐकलं असणार.

३० मार्च

नवरा बापाशी बोलत नाही. माझ्याशीही कामापुरतं.

मी एकदाच विषय काढला. म्हणाला, "पोती उतरवायचे, त्याची लाज नाही वाटत मला. त्यांना वाटली, माझ्यासमोर वाटली, त्याचं काय करू?"

मी भाजी वाढली.

२ एप्रिल

बाबा म्हणाले, जाऊ दे, प्रदर्शन नको. इंजिन डब्यात घालून ठेव.

मी म्हटलं, नाही.

"सूनबाई —"

"नाही म्हटलं ना! तुम्हाला एकदा बरोबर झालेलं बघायचंय. मला पण."

आवाज चढला माझा. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासऱ्यांवर पहिल्यांदा ओरडले. मग त्यांनी हळूच खुर्ची फळीजवळ ओढली. "पिठाचा डबा कुठे उभा आहे सांग."

५ एप्रिल, रविवार

सेक्रेटरींना फोन केला. पाटी बदला. मास्तर नव्हेत, तीन नंबरच्या दाराचे कामगार.

"ताई, मग मार्गदर्शन कोण करणार?"

"तेच."

"पण हमाल —"

"साहेब, इंजिन माझ्या हातात आहे. कारखाना त्यांच्या हातात. पटत नसेल तर माझी चाळीस मिनिटं तुमच्या एक्सप्रेसला द्या."

पाच मिनिटांनी त्यांचा निरोप आला — 'बरं. बदलतो.'

आजपासून नवी रीत. बाबा माझ्या मागे नाही, फळीच्या पलीकडे बसणार, कारखान्याच्या बाजूला. दारं त्यांच्या हाताशी, डबे दिसले नाहीत तरी चालेल. मी डबा हलवण्याआधी विचारणार, ते आतून सांगणार. आकडे मी वाचायचे. कोण आत आहे, किती पोती राहिलीत, हे त्यांनी ठरवायचं. खेळ म्हणून नव्हे. पाळी म्हणून.

१२ एप्रिल, रविवार

एक चूक. एकच! रिकामा डबा न हुंगता चारला लावला.

नवरा दारात येऊन दोन मिनिटं उभा राहिला. गेला.

१८ एप्रिल, शनिवार

फळी हॉलमध्ये नेली. उचलायला नवरा आला. मी बोलावलं नव्हतं. एक बाजू त्याने धरली, एक मी. बाबा मागून, "डावीकडे, डावीकडे, पायरी आहे!" — यांना काय दिसत होतं देव जाणे.



१९ एप्रिल, रविवार

झालं. सगळं लिहिते.

आमच्यासमोर वीसेक माणसं. पलीकडे एक्सप्रेस फिरतेय, तिथे शंभर. पाटी मी अजून बघितली नव्हती. बघितली तर छापील नाहीच! हाताने लिहिलेली, नवऱ्याच्या अक्षरात — 'तीन नंबरचं दार: माझे बाबा, एकतीस वर्षं, साखर.' बाबांना वाचता येत नव्हती. नवरा वाकला आणि त्यांच्या कानात वाचून दाखवली. बाबांनी फक्त त्याचं मनगट धरलं. मग सोडलं. "चल सूनबाई. पाळी सुरू."

सात डबे. इंजिन चुकीच्या टोकाला, म्हणून आधी त्याला दुसऱ्या रुळावरून फिरवून मागे आणलं. पीठ नळीखाली. तेल दोनला. साबणाचा डबा हुंगला, कार्डावर फुली, परत. प्रत्येक वेळी डब्याजवळ जाऊन थांबायचं, मग हलकेच टेकायचं — टक् एवढाच आवाज. काडीने दोन डब्यांमधली कडी सोडवायची. श्वास रोखून.

मग ती मेख. चारचा भरलेला डबा काढायचाय, तीनचा मध्ये.

"बाबा, तीनचा हलवू?"

"थांब."

थांबले. लोक बघतायत. इंजिन उभं. अर्धं मिनिट. एक मिनिट. मागून कुणीतरी, "बंद पडलं वाटतं." सेक्रेटरी पुढे यायला लागले. मी हात वर करून त्यांना अडवलं.

"आत माणूस आहे," बाबा म्हणाले. हळूच, पण हॉलमध्ये ऐकू गेलं. "पोतं खांद्यावर आहे. अर्ध्या फळीवर आलाय. येऊ दे त्याला बाहेर."

आणि काय सांगू — सगळे त्या पुठ्ठ्याच्या दाराकडे बघायला लागले. वीस माणसं, एका रिकाम्या दाराकडे! एक्सप्रेसकडचेही चार जण इकडे आले.

"आला. फळी काढली. हलव."

हलवला. चारचा काढला. तीनचा परत आणला, दारासमोर दार. बाबांनी बोट पुढे करून फलाट आणि डबा यांमधली फट चाचपली. बोट बराच वेळ तिथेच होतं.

"बसली फळी," म्हणाले.

अडतीस मिनिटं. चूक शून्य.

टाळ्या झाल्या, पण त्या मला नीट ऐकू आल्या नाहीत. मी नवऱ्याकडे बघत होते. तो बाबांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता, आणि विचारत होता, "एक पोतं किती किलोचं असायचं?" आणि बाबा सांगत होते. सांगतच होते.

सामान आवरताना एक बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, हातांवर ग्रीसचे जुने डाग. धान्याच्या गोदामाच्या यार्डात शंटिंगला आहेत म्हणाल्या. खऱ्या! "तुमचा डबा टेकताना बघितला. माझ्या नव्या पोरांना वर्ष लागतं थांबायला शिकायला." कागदावर नंबर लिहून दिला आणि गेल्या. कशासाठी दिला ते काही बोलल्या नाहीत.

२० एप्रिल

दवाखाना. तारखा. दाढा. नंबर पर्समध्ये.

बाबा आणि नवरा सकाळपासून भांडतायत — तीन नंबरच्या दाराला रंग कुठला होता यावरून. कान तृप्त झाले.

२२ जून, सोमवार

यार्डातल्या कामाचा पहिला दिवस. पहाटे उठून केस घट्ट बांधले. मोठे बूट चावतात. यार्डातल्या बाईंनी शिट्टी गळ्यात घातली आणि म्हणाल्या, पुढे हो.

सतरा डबे. सगळे खरे.