चौथ्या चौकोनातल्या आत्यास

ती. आत्यास,

नमस्कार. लांबून का होईना, पाया पडतो. गुडघा कसा आहे? धाकट्या आत्याकडे लिफ्ट बंद असते आणि तू तीन जिने दिवसातून दोनदा चढतेस, असं कळलं (कुणाकडून ते विचारू नकोस). इकडे सगळं ठीक आहे. तुझी सूनबाई ठीक आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते. दुकानात शिलाई मशीनवरचे काका ठीक आहेत, तेही कामापुरतंच बोलतात, पण ते आधीपासून तसेच. एकाच गावात राहून पत्र लिहितोय, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. रविवारी तू उरलेलं सामान कायमचं न्यायला येणार आहेस, असंही कळलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

त्या दोन दिवसांच्या शिबिरात नेमकं काय झालं, ते तुला कुणी धड सांगितलंच नाही, म्हणून सांगतो. विषय होता ‘व्यवसायवाढीसाठी नियोजन आणि प्राधान्यक्रम’. शिकवणाऱ्या सरांनी प्रत्येकाला एक मोठा कागद दिला, त्यावर चार चौकोन. दुकानातली सगळी कामं चिठ्ठ्यांवर लिहायची आणि चौकोनांत चिकटवायची: महत्त्वाचं आणि तातडीचं पहिल्यात, असं करत करत, ना महत्त्वाचं ना तातडीचं ते चौथ्यात. चौथ्यातलं सोमवारपासून बंद. माझ्या सत्तावीस चिठ्ठ्या झाल्या (बॅगदुरुस्तीच्या दुकानात सत्तावीस कामं असतात हे मलाही तेव्हाच कळलं) आणि चौथा चौकोन रिकामा राहिला. सर म्हणाले, चौथा चौकोन कुणाचाच रिकामा नसतो, जरा प्रामाणिक व्हा. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. शेजारच्या बेकरीवाल्याने तर त्याच्या चौकोनात सख्ख्या मेव्हण्याला चिकटवलं होतं. मग माझ्याही हातून एक चिठ्ठी लिहिली गेली: ‘काउंटरवर आत्याच्या गप्पा, दर गिऱ्हाइकामागे दहा मिनिटं’.

लिहिलं ते लिहिलं, पण कागद दुकानात टांगायची अक्कल माझीच. सर म्हणाले होते, उद्दिष्ट रोज डोळ्यांसमोर हवं. तीन वर्षांत दुसरं दुकान हे उद्दिष्ट वर लाल अक्षरांत, खाली चौकोन. तू चष्मा लावून सगळा कागद वरपासून वाचलास, चष्मा त्याच्या डबीत घातलास आणि ‘जाते रे’ म्हणून निघालीस. मला वाटलं, बँकेत चाललीस. दुपार टळेपर्यंत मला तसंच वाटत होतं. माणूस किती मठ्ठ असू शकतो याला काही मर्यादा नसते, हे वाक्य माझं नाही, सूनबाईचं आहे.

सोमवारी नियोजन सुरू झालं आणि खोटं कशाला बोलू, आठवडाभर माझी कॉलर ताठ होती. काउंटरवर गिऱ्हाइकाला टोकन द्यायचं, दोन मिनिटांत मोकळं करायचं. कामं प्रकाराप्रमाणे: सोमवारी चाकं, मंगळवारी चेन, बुधवारी हँडल, गुरुवारी कुलपं, शुक्रवारी अस्तर. काकांना सारखी अवजारं बदलावी लागत नसल्याने हात भराभर चालला. एरवी आठवड्याला तीसेक बॅगा निघतात, त्या एक्केचाळीस निघाल्या. मी सरांना फोटोही पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

शनिवारी एक बाई टॅक्सी दारात उभी करून आल्या. त्यांच्या बॅगेचं हँडल अगदी नवं कोरं झालं होतं, पण चेन पुढच्या मंगळवारची होती. विमान तीन तासांवर. त्या टॅक्सीतून कपड्यांचा ढीग दोन्ही हातांवर घेऊन आल्या आणि त्यांनी तो काउंटरवर ठेवला. मी धावत वर घरात गेलो आणि आपली लग्नातली मोठी बॅग रिकामी करून दिली (सूनबाईचे हिवाळी कपडे तेव्हापासून चादरीत आहेत). मग एक दातांचे डॉक्टर आले, त्यांना माझी. मग कॉलेजातली एक मुलगी, तिला पाठीवरची. बुधवारपर्यंत गावातल्या नावाजलेल्या बॅगवाल्याच्या घरात भाजी आणायची पिशवी तेवढी उरली. फडताळात मात्र अर्ध्या दुरुस्त झालेल्या साठ बॅगा एका ओळीत, टोकनाच्या क्रमाने, बघत राहावं अशा!

पण हे सगळं मी निभावून नेलं असतं. निभावलं नाही ते गुरुवारी. आपले ते औषधकंपनीचे फिरते विक्रेते, दर दोन महिन्यांनी हँडल तोडून आणणारे, ते आले. त्यांनी बॅग टाकली तेव्हा मी विचारलं होतं, घाई आहे का? ते म्हणाले, नाही, सावकाश द्या. मी सावकाश धरलं. गुरुवारी ते बॅग न्यायला आले तेव्हा कळलं, मुलीला परगावच्या इस्पितळातून घरी आणायला गेले होते आणि तिचं सामान दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून आणलं. एक वाटेत फाटली. तक्रारीचा सूर नव्हता. एवढंच म्हणाले, तुमच्या आत्या विचारतात ना, कुठे निघालात, तिकडे कोण आहे, म्हणून सांगितलं जातं. तुम्ही विचारलंत, घाई आहे का. त्याला माणूस काय सांगणार?

ते गेल्यावर मी काकांना विचारलं, आत्या बॅगा कशा लावायची? काकांनी मशीन थांबवलं (याआधी त्यांनी माझ्यासाठी मशीन थांबवल्याचं मला आठवत नाही). म्हणाले, खालचा कप्पा आज-उद्या निघणाऱ्यांचा, मधला या आठवड्याचा, वरचा ज्यांच्या बॅगा नुसत्याच पडून असतात त्यांचा. आणि ज्यांना घाई असून सांगता येत नाही, ते कुठेही असले तरी सगळ्यांत आधी. वीस वर्षं मी समजत होतो, तुझा हात पुरेल तिथे तू बॅग ठेवतेस. जे शिकायला मला दोन दिवस शिबिरात बसावं लागलं, ते तू गप्पा मारता मारता करत होतीस, आणि मी नेमकं तेच बंद केलं.

असो. खुशालीचं पत्र लांबलं. प्रकृतीला जप.

तुझा भाचा

ता. क. तुझं सामान रविवारी नेता येणार नाही. माळ्यावरची तुझी निळी बॅग मी काल एका सदऱ्यांच्या व्यापाऱ्याला प्रवासासाठी दिली, तो महिन्याने परतेल. खरं सांगायचं तर त्याची स्वतःची बॅग तयार होती. बळेच दिली.

ता. क. दुसरा. पत्र पोस्टात टाकलं नाही. धाकट्या आत्याच्या दारात, पायपुसण्यावर बसून एवढं लिहितोय आणि दाराखालून सरकवतोय. मघाशी आतून कुणीतरी खोकलं, ते तूच. दुकानाला आज कुलूप आहे आणि मी इथून हलणार नाही. ओरडायचं असेल तर दार उघडून ओरड, शेजारच्यांनी ऐकलं तरी चालेल. मी चुकलो, आत्या. घरी चल.